जोडीदार कॅनडातच सोबत राहत असला, तरी पीआरचा अर्ज आउटलँड मार्गाने करावा का?

शिशिरा

कॅनडाचा नागरिक किंवा पीआरधारक (कायम वास्तव्याचा दर्जा असलेला) आपल्या परदेशी जोडीदाराला स्पॉन्सर करतो, म्हणजे त्याच्या पीआरसाठी हमी घेतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. जोडीदार कॅनडात त्याच्यासोबत एकाच घरात राहत असेल, तर ‘कॅनडातील जोडीदार’ या वर्गातून अर्ज करता येतो; यालाच सर्वजण इनलँड म्हणतात. दुसरा मार्ग कुटुंब वर्गाचा, म्हणजे आउटलँडचा. जोडीदार एकदा येथे राहू लागला की आउटलँडचा मार्ग बंद होतो, असे मी अनेकांकडून ऐकले आहे, पण ते खरे नाही. कॅनडात राहणाऱ्या जोडीदारासाठीही कुटुंब वर्गातून अर्ज करता येतो, आणि ज्यांच्याकडे वैध तात्पुरता दर्जा आहे अशा जोडप्यांनी तोच करावा, असे माझे ठाम मत आहे.

बऱ्याच बाबतींत दोन्ही मार्ग सारखे आहेत. फी तीच आहे (२०२४ च्या वाढीनंतर ती सर्व मिळून १२०५ डॉलर झाली होती, बायोमेट्रिक्सचे ८५ डॉलर वेगळे), जोडीदाराचा खर्च उचलण्याचे तीन वर्षांचे हमीपत्र तेच आहे आणि नाते खरे असल्याचे पुरावेही तेच लागतात. पूर्वी इनलँडकडे ओढा असण्याचे मुख्य कारण वर्क परमिट हे होते, कारण डिसेंबर २०१४ पासून अर्ज प्रलंबित असतानाच काम करण्याची सोय फक्त इनलँड अर्जदारांना मिळाली होती. मे २०२३ मध्ये ती कॅनडात स्पॉन्सरसोबत राहणाऱ्या आउटलँड अर्जदारांनाही लागू झाली. त्यामुळे आता खरा फरक दोनच गोष्टींत उरतो, तो म्हणजे प्रवास आणि अपील.

इनलँडमध्ये जोडीदाराने कॅनडात स्पॉन्सरसोबत राहत असणे ही पात्रतेचीच अट आहे. घरातील कोणाच्या आजारपणामुळे त्याला अचानक बाहेर जावे लागले आणि परतताना प्रवेश नाकारला गेला, तर अर्जच अडचणीत येतो. आउटलँड अर्जदाराला ही भीती नसते. अपिलाचा फरक याहूनही मोठा आहे. २०१० पूर्वी विवाह नाकारायचा तर तो खरा नाही आणि तो मुख्यतः दर्जा मिळवण्यासाठी केला आहे, या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागत. त्या वर्षी नियम बदलला आणि आता दोहोंपैकी एक पुरते. अधिकाऱ्याच्या मतावर इतके अवलंबून असलेला निर्णय विरोधात गेला, तर आउटलँडमध्ये स्पॉन्सरला ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजन या अपिले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जाता येते. तेथे प्रकरण नव्याने ऐकले जाते, नवे पुरावे देता येतात, दोघांच्या साक्षी होतात. इनलँडमध्ये हे अपील नाही. तेथे १५ दिवसांत फेडरल कोर्टाकडे न्यायिक पुनर्विलोकनासाठी अर्ज करावा लागतो, त्यासाठीही आधी परवानगी मिळवावी लागते, आणि न्यायालय नाते खरे की खोटे हे स्वतः ठरवत नाही, अधिकाऱ्याचा निर्णय वाजवी होता की नाही एवढेच तपासते.

वर्ग अर्ज भरतानाच निवडावा लागतो आणि पुढे मार्ग बदलायचा तर पहिला अर्ज मागे घेऊन नवा करावा लागतो. म्हणून हा विचार आधीच व्हायला हवा.

उत्तरवाट

तुम्ही दिलेली माहिती योग्य आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला सरसकट मान्य होत नाही. अपिलाचा हक्क ज्यांचा अर्ज नाकारला जातो त्यांनाच उपयोगी पडतो, आणि एकाच छताखाली राहणारे, भाडेकरार, बँकखाते व विमा एकत्र असलेले जोडपे नाकारले जाण्याची शक्यता मुळातच कमी असते. अशा जोडप्याने प्रामुख्याने अपिलाचा विचार करून मार्ग निवडणे मला उलटे वाटते.

शिवाय अपिलाची दुसरी बाजूही मांडायला हवी. सुनावणीला बराच काळ लागतो आणि तोपर्यंत जोडीदाराला कॅनडात राहण्याचा हक्क केवळ अपिलामुळे मिळत नाही. त्याला आपला तात्पुरता दर्जा स्वतंत्रपणे टिकवावा लागतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे, नाते खरे नाही असा निष्कर्ष अपिलातही कायम झाला, तर पुढे नवा अर्ज करून तो नाकारला गेल्यावर दुसऱ्या अपिलात तोच मुद्दा पुन्हा लढवू दिला जात नाही. हा प्रश्न आधीच निकाली निघाला आहे, असे सांगून अपील फेटाळले जाऊ शकते. म्हणून अनेकदा नकारपत्रातील कारणे नीट वाचून, त्रुटी दूर करून नवा अर्ज करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो, आणि तो दोन्ही वर्गांत खुला आहे.

वर्क परमिटविषयीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२३ ची सोय नियमावलीत लिहिलेली नसून तात्पुरत्या सार्वजनिक धोरणावर उभी आहे, आणि असे धोरण मंत्री मागे घेऊ शकतात. ते मागे घेतले गेले, तरी ‘कॅनडातील जोडीदार’ वर्गात पात्रतेचा पहिला टप्पा पार केलेल्यांना नियमावलीतच वर्क परमिटचा आधार आहे. आउटलँड अर्जदारांसाठी तसा आधार नाही.

नीलमोहर

या चर्चेत एका गटाचा उल्लेखच आला नाही आणि मला त्यांचीच सर्वात अधिक काळजी वाटते. स्टडी परमिट किंवा व्हिजिटर म्हणून राहण्याची मुदत संपली, ती वेळेत वाढवली गेली नाही आणि दर्जा गेला, अशी माणसे घाबरून अर्जच करत नाहीत. २००५ पासून असे धोरण आहे की मुदत उलटून राहिल्यामुळे किंवा परवान्याविना काम केल्यामुळे दर्जा नसलेल्या जोडीदारालाही इनलँड वर्गातून अर्ज करता येतो. इतर कारणांनी, उदाहरणार्थ गुन्ह्यामुळे, अपात्र ठरलेल्यांना ही सवलत नाही, आणि हद्दपारीपासून मिळणारे संरक्षणही मर्यादित आहे. कारवाई बरीच पुढे गेल्यावर केलेला अर्ज ती थांबवत नाही. त्यांना वर्क परमिटही लगेच मिळत नाही, तत्त्वतः मान्यता मिळेपर्यंत थांबावे लागते. तरीही त्यांच्यासाठी इनलँड हाच सुरक्षित मार्ग आहे, कारण एकदा देश सोडला की परत येणे कोणाच्या हाती राहील हे सांगता येत नाही.

शिशिरा

नीलमोहर, तुमचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच मी वैध दर्जा असलेल्यांपुरते बोलले होते.

उत्तरवाट, ‘पुरावे भक्कम असतील तर नकार येत नाही’ हे गृहीतक मला धोक्याचे वाटते. आपला अर्ज दुबळा आहे हे अर्ज करताना सहसा कोणालाच वाटत नाही. लग्नाआधीचा परिचय थोड्या काळाचा असणे, वयात मोठे अंतर असणे, आधीच्या विवाहानंतर लवकर दुसरा विवाह होणे, किंवा स्टडी परमिट संपत आले असताना लग्न होणे या गोष्टी खऱ्या नात्यांतही असतात आणि त्याच अधिकाऱ्याला खटकतात. दोघांनी वेगवेगळ्या वेळी भरलेल्या फॉर्ममध्ये पहिल्या भेटीची तारीख वेगळी पडली, तरी शंका निर्माण होते. अशा वेळी ज्याच्यासमोर बसून बोलता येईल असा निर्णयकर्ता मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. नवा अर्ज करता येतो हे खरे, पण तो पुन्हा कागदांवरूनच पाहिला जातो आणि पहिला नकार त्या फाइलमध्ये आधीच असतो.

धोरण तात्पुरते असल्याची आठवण करून दिलीत ते योग्य झाले. अर्ज करण्याच्या दिवशी ते लागू आहे की नाही हे प्रत्येकाने तपासलेच पाहिजे.

चौकस

जोडीदार अजून कॅनडाबाहेरच आहे अशांविषयी थोडे. त्यांच्यापैकी पुष्कळजण विचारतात की आधी व्हिजिटर व्हिसावर बोलावून मग इनलँड अर्ज करावा का. मी तसे सुचवणार नाही. आधी आउटलँड अर्ज करावा आणि मग व्हिजिटर व्हिसा मागावा. कायम राहण्याचा हेतू असतानाही तात्पुरता प्रवेश मागणे इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२ नुसार मान्य आहे, फक्त मुदत संपल्यावर परत जाल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. मे २०२३ मध्ये इमिग्रेशन खात्याने अशा जोडीदारांचे व्हिजिटर व्हिसाचे अर्ज लवकर निकाली काढण्याचेही जाहीर केले होते. उलट, स्पॉन्सरशिपचा विचार लपवून ‘केवळ पर्यटन’ असे लिहिले आणि ते उघड झाले, तर चुकीच्या माहितीसाठी पाच वर्षे प्रवेश बंद होऊ शकतो. ज्यांनी पुढील सारे आयुष्य एकत्र काढायचे आहे त्यांनी ही जोखीम घेऊ नये.

स्पॉन्सर स्वतः परदेशात राहत असेल तर नागरिक आणि पीआरधारक यांत फरक आहे. नागरिकाला बाहेर राहूनही जोडीदाराला स्पॉन्सर करता येते, मात्र पीआर मिळाल्यावर कॅनडात येऊन राहण्याची तयारी दाखवावी लागते. पीआरधारकाला कॅनडात राहणे बंधनकारक आहे. ज्यांना लग्न करणे किंवा एकत्र राहणे परिस्थितीमुळे शक्य झाले नाही त्यांच्यासाठीची ‘कॉन्जुगल पार्टनर’ ही सोय तर फक्त आउटलँडमध्येच आहे. क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांनी प्रांताचा वेगळा टप्पाही लक्षात घ्यावा, कारण जून २०२४ मध्ये तेथे स्वीकारल्या जाणाऱ्या अर्जांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली.

उत्तरवाट

बाहेर असलेल्यांविषयी चौकस यांच्याशी मी सहमत आहे. वादाचा विषय आहे तो येथे एकत्र राहणाऱ्यांचा. कालावधीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मीच लिहितो, जरी ते माझ्या मताविरुद्ध जाते. जोडीदारांच्या अर्जांसाठी १२ महिन्यांचे उद्दिष्ट खात्याने २०१६ च्या अखेरीस जाहीर केले, पण अलीकडे इनलँड अर्जांचा अंदाजित कालावधी आउटलँडपेक्षा बराच अधिक दाखवला जात आहे. तरीही हे आकडे बदलत राहतात, त्यामुळे मी केवळ त्यांच्यावरून मार्ग निवडणार नाही.

नीलमोहर

अपिलाच्या बाबतीत मला एक वेगळीच गोष्ट मांडायची आहे. इमिग्रेशन कायद्याच्या कलम ६३ नुसार हे अपील स्पॉन्सरचे आहे, जोडीदाराचे नाही. आपण येथे ‘जोडप्याला अपील मिळते’ असे बोलत आहोत, पण नकार आल्यावर नवरा-बायकोत दुरावा आला आणि स्पॉन्सरने अपील केलेच नाही किंवा मागे घेतले, तर ज्या व्यक्तीचे आयुष्य पणाला लागले आहे तिच्या हाती काहीच उरत नाही. फेडरल अपील न्यायालयाने २००९ मध्ये असाही निर्णय दिला की कुटुंब वर्गातील अर्जदाराला, स्पॉन्सरकडे अपिलाचा मार्ग असल्यामुळे, स्वतः न्यायिक पुनर्विलोकनासाठी जाता येत नाही. त्या प्रकरणात जोडपे विभक्त झाले होते आणि स्पॉन्सरला अपिलात रस उरला नव्हता. इनलँडमध्ये न्यायालयाचा मार्ग अरुंद आहे हे शिशिरा यांचे म्हणणे खरे, पण तो अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर असतो.

निर्णय होण्यापूर्वी स्पॉन्सर अर्ज मागे घेऊ शकतो, हे दोन्ही वर्गांत समानच आहे, आणि ही असमानता किती खोल जाते हे आपण पाहिलेले आहे. ऑक्टोबर २०१२ ते एप्रिल २०१७ या काळात अनेक नव्या जोडीदारांना दोन वर्षे एकत्र राहण्याच्या अटीवरच पीआर मिळत असे, आणि छळ होत असतानाही दर्जा जाईल या भीतीने माणसे घरात राहतात, हा त्या अटीवरचा मोठा आक्षेप होता. छळ सोसणाऱ्यांना अटीतून सूट होती, पण ती मागण्याइतके बळ आणि माहिती सर्वांकडे नसते. ती अट रद्द झाली हे चांगलेच झाले. मात्र मार्ग निवडताना आजही बहुतेक घरांत स्पॉन्सरच वाचतो, तोच फॉर्म भरतो आणि तोच ठरवतो.

शिशिरा

हा मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा होता. अपील कोणाचे, हे मी ‘स्पॉन्सरला’ असे लिहून पुढे गेले, त्यामागचा अर्थ उलगडला नाही. माझे मत बदललेले नाही, कारण नाते टिकून असताना आउटलँडमधील अपील हे दोघांसाठीही अधिक मोठे संरक्षण आहे. मात्र यापुढे मला कोणी विचारले तर मी केवळ स्पॉन्सरशी न बोलता जोडीदाराशीही बोलेन, आणि त्याला किंवा तिला कलम ६३ विषयी सांगून मगच वर्ग निवडायला सांगेन.

नीलमोहर

एवढे झाले तरी पुरे आहे. आणि अर्जाची संपूर्ण प्रत, भरलेल्या सर्व फॉर्मसह, जोडीदाराच्या स्वतःच्या ईमेलवर पहिल्या दिवसापासून असावी, मग वर्ग कोणताही असो.