रायण्णांचं चित्रपुस्तक मुलांकडून करून घ्यायचंय, सुरुवात कशी करू?

खानापूरची बाई
मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत सहावी-सातवीला शिकवते. नंदगड आम्हाला जवळ. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 1831 मध्ये तिथं फाशी दिलं, तो वड बहुतेक मुलांनी पाहिलाय. तरी त्यावर चार ओळी लिहा म्हटलं की वही कोरी. आणि त्यातलाच एक जण वहीच्या मागच्या पानावर घोड्यावरचे गोरे शिपाई असे काढतो की बघत राहावं. म्हणून वर्गाचं ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली गोष्ट, करायचं मनात आहे. एसडीएमसीतले (शाळेच्या समितीतले) पालक म्हणतात, "चित्रं बघत बसली तर वाचणार कधी?" त्यांना काय सांगू? आणि छपाईला पैसे नाहीत.

शहापूरचा चित्रकार
बाई, पालकांना दोन चौकटी दाखवा. पहिलीत रायण्णा मशाल घेऊन कचेरीच्या दारात. दुसरीत राख आणि अर्धवट जळलेली दप्तरं. मधे काय घडलं ते कुठंच काढलेलं नाही, लिहिलेलंही नाही. त्यांनाच विचारा. सांगायला लागले की म्हणा, मुलं हेच करतात.

रंगाच्या नादाला लागू नका. झेरॉक्समध्ये पेन्सिलीची छटा उडते, रेघा काळ्या पेननं पक्क्या करा. ए-फोर कागद मधोमध दुमडला की पाठपोट चार पानं होतात. चार कागद, सोळा पानं, मधे पिना. आधी कोऱ्या कागदांची घडी घालून आकडे टाका, कारण उलगडल्यावर पहिलं पान सोळाव्याशेजारी येतं. संवादाच्या फुग्याचं एक लक्षात ठेवा: आधी वाक्य लिहायचं, मग भोवती फुगा. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार, ओळीत जागा सोडावीच लागते.

निपाणीकर
रायण्णांच्या घोषणा कन्नडमध्येच ठेवा की! पोरांना कन्नड शिकवतातच. संगणकावर अक्षरं घालणार असाल तर 'बालू' फाँट फुकट मिळतो, देवनागरीतही आणि कन्नडमध्येही, एकाच वळणाचा.

आणि पुढचं पुस्तक आमच्या निपाणीचं करा. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले, गोळीबारात बारा जण गेले. माझी आई वखारीत तंबाखू चाळायची. आमच्या पोरांना यातलं काही माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. असं पुस्तक कुणी काढलं तर कागदाचा खर्च मी देतो.

खानापूरची बाई
दादा, सर, आभार. त्या दोन चौकटी त्याच मुलाकडून काढून घेते. अजून एक विचारते: बारा वर्षांच्या मुलांनी फाशी काढावी का?

शहापूरचा चित्रकार
तुम्ही ठरवू नका, त्यांना ठरवू द्या. प्रत्येकानं ते पान वेगळं काढून आणावं, वर्गात भिंतीवर लावा, मग बोला. कुणी फक्त जमलेली माणसं काढेल, कुणी दोर. त्याआधी नंदगडच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून या. त्यांचं सांगणं आणि पुस्तकातलं जुळलं नाही तर दोन्ही घ्या, आणि कुठलं कुणाचं ते पानाखाली लिहा.