मदत हवी आहे: 'आनंदाने दार उघडलं' – पात्रांच्या नावांचं काय करू?

मंडळी, पहिलीच कादंबरी लिहितेय. सहा प्रकरणं झालीत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हापासूनची दीड-दोन वर्षं आणि लालबागच्या चाळीतलं एक कुटुंब. कथानक सुचतंय, गाडी अडलीय ती नावांपाशी.

नायक आनंद, वय तीस, गिरणीत बदली कामगार. आता हे वाक्य बघा: "आनंदाने दार उघडलं." त्यानं उघडलं की खुशीत उघडलं? 'आनंदने' लिहिलं की प्रश्न मिटतो, हे कळतं. पण माझी आजी 'गणपताने', 'गोविंदाला' असंच म्हणायची आणि निवेदन मला त्याच वळणाचं हवंय.

त्याच्या बायकोचं नाव आशा. "संपाच्या आठव्या महिन्यात त्याने आशा सोडली." हे वाचून बहिणीनं विचारलं, "काडीमोड झाला का गं?" मेहुणीचं नाव कल्पना होतं, ते मीच गुपचूप बदललं. आता ती सुनंदा आहे, पण जावा सुमन आणि सुरेखा. बहीण म्हणते, तिघींत कोण कोण ते दर पानाला मागे जाऊन बघावं लागतं.

वडलांचं नाव धोंडू ठेवलंय. आधीची दोन मुलं दगावली म्हणून धोंडू. दगडू, केरू, भिकाजी ही नावंही तशीच पडायची. एका नावात त्या घराचं सगळं दुःख येतं. पण आजच्या वाचकाला धोंडू म्हटलं की नाटकातला गडी आठवून हसू येईल का? खरं विचारायचंय ते हेच.

शिवाय आडनाव. कुटुंब राजापूरकडचं. 'कर' लावलं की लोक आधी गाव शोधतात, मग जात. व्याजानं पैसे देणारा एक मुकादम आहे, त्याला खऱ्या गावाचं आडनाव द्यायची भीती वाटते. नसलेलं गाव रचलं तर कोकणातला वाचक लगेच पकडणार.

कुणी असं लिहिलंय का?

प्रतिसाद:
ताई, माझं लहानपण लालबागच्या चाळीतच गेलं. आनंदला आनंद कोण म्हणणार? आंद्या! "आंद्याने दार उघडलं." आनंद फक्त हजेरीपटावर. मुकादमाला आडनाव कशाला? आमच्याकडे त्याला सगळे मुकादमच म्हणायचे, त्याचं आडनाव मला आजही ठाऊक नाही. धोंडू राहू द्या, पण त्याच्या आईच्या तोंडून एकदा ती दोन मुलं येऊ द्यात, मग कोणी हसणार नाही. आणि लग्नात सुनेचं नाव बदलायचे की! आशा माहेरचं ठेवा, सासरी दुसरं काहीतरी.

धागाकर्ती:
काका, आंद्या घेतला! बायको मात्र त्याचं नाव घेणारच नाही, 'हे' म्हणेल, म्हणजे तिच्या प्रकरणांत नावाची कटकटच नाही. सासरचं नाव पार्वती ठेवतेय. आशा म्हणणारा एकच माणूस उरतो, तिचा भाऊ. आता ते आठव्या महिन्याचं वाक्य तसंच ठेवते. जावांचं तेवढं कोणीतरी सुचवा.