बेरीज शिकवण्यासाठी दृश्य गुप्तलेखन वापरावे का?

धागाकर्ता

मोनी नाओर आणि अदी शामिर यांनी १९९४ साली मांडलेल्या दृश्य गुप्तलेखनात एकच चित्र दोन पारदर्शक कागदांवर अशा रीतीने वाटले जाते, की एकेका कागदावर नुसती काळ्या-पांढऱ्याची सरमिसळ दिसते आणि दोन्ही कागद एकमेकांवर नीट बसवले तरच चित्र उमटते. बेरीज नुकतीच शिकू लागलेल्या मुलांसाठी हे तंत्र वापरावे, असे माझे ठाम मत आहे.

चौकटी आखलेल्या ट्रेसिंग पेपरवर प्रत्येक घरासाठी एक बेरीज द्यावी. उत्तर सम आले तर घराची डावी बाजू रंगवायची, विषम आले तर उजवी. हा कागद शिक्षकांनी आधी रंगवून ठेवलेल्या कागदावर ठेवला, की जिथे दोघांची एकच बाजू रंगलेली आहे ते घर अर्धे काळे राहते, जिथे बाजू वेगळ्या आहेत ते पूर्ण काळे होते, आणि लपलेला अंक दिसू लागतो. एखादी बेरीज चुकली, तर अंकात नेमकी तिथेच फट पडते किंवा बाहेर एक काळा डाग उठतो. मग फुली मारावी लागत नाही. मूल स्वतःच त्या घरावर बोट ठेवते.

प्रतिसाद : गणिताचा अभ्यासक

मला हे धोक्याचे वाटते, कारण कागदावर कागद ठेवणे म्हणजे बेरीज नव्हे. मूळ पद्धतीच्या एका प्रकारात प्रत्येक घराचे चार भाग असतात आणि प्रत्येक कागदावर त्यांतले दोन काळे असतात. एकत्र ठेवल्यावर ते कधी चार दिसतात, तर कधी दोनच. ज्या मुलाच्या मनात ‘दोन आणि दोन चार’ अजून पक्के बसायचे आहे, त्याला आपण हे का दाखवावे?

धागाकर्ता

आपला मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच मी कागद ठेवण्याला बेरीज म्हणत नाही, पडताळा म्हणतो. मात्र थोड्या मोठ्या मुलांना हेच कोडे म्हणून जरूर द्यावे. पाच बाय सात घरांत ७ हा अंक काढला, तर त्याची ११ घरे होतात. प्रत्येक कागदावर ३५ घरांचे मिळून ७० भाग काळे असतात. एकत्र ठेवल्यावर ते १४० होत नाहीत, ९२ होतात. बाकीचे ४८ कुठे गेले, याचा शोध मुलांनी मोजून घ्यावा: अंकाबाहेरच्या २४ घरांत प्रत्येकी दोन काळे भाग एकमेकांखाली झाकले गेले.

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षिका

माझी अडचण वेगळी आहे. सम-विषमाच्या चाळणीतून निम्म्या चुका निसटतात. सहा अधिक तीन करताना ‘सहा, सात, आठ’ असे मोजून आठ म्हणणारे मूल या पद्धतीत लगेच सापडेल, हे मान्य आहे. परंतु २७ अधिक १५ मध्ये हातचा विसरून ३२ लिहिणारे मूल अजिबात सापडणार नाही, कारण ४२ आणि ३२ दोन्ही समच आहेत. हातचा विसरणे ही आमच्या वर्गातली सर्वांत चिवट चूक, आणि नेमकी तिलाच हा कागद बरोबर ठरवतो.

धागाकर्ता

हे माझ्या ध्यानात आले नव्हते, मनापासून आभार. हातच्याच्या बेरजांसाठी नियम बदलावा लागेल: एकक न पाहता दशकाचा अंक सम की विषम ते पाहायचे. ४२ मधले चार सम आणि ३२ मधले तीन विषम, त्यामुळे विसरलेला हातचा त्याच घरात उघडा पडेल.

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षिका

हा बदल मला पटतो. तरीही एका अंकासाठी ३५ बेरजा हे लहान मुलांना फार होते; मी तीन बाय पाचच्या १५ घरांवर थांबेन. शिवाय दुसरा कागद सुरुवातीपासून हाताशी असला, तर अर्धा अंक दिसताच मुले बेरीज सोडून देतील आणि चित्र पुरे होईल अशी बाजू रंगवतील. म्हणून प्रत्येक घराचे उत्तर आधी वहीत लिहून झाल्याशिवाय मी शिक्षकांचा कागद कपाटातून काढणार नाही, आणि फट दिसलेल्या घराची बेरीज मुलाकडून त्याच वहीत, जुने उत्तर न खोडता, शेजारी पुन्हा करून घेईन.