‘महल’मधल्या सावल्या

आपल्याकडच्या सिनेमांतल्या झपाटलेल्या हवेल्या म्हणजे हॉलिवूडची उसनवारी, हे मत मला अजिबात पटत नाही. ‘महल’ (१९४९) हा हिंदी सिनेमा पुन्हा बघा. झोपाळ्यावरची मधुबाला, अंधारात निम्मा बुडालेला अशोककुमारचा चेहरा! हे टिपणारा जोसेफ विर्शिंग मूळचा म्युनिकचा, मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा कॅमेरामन. महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं होतं. सुटल्यावर त्यानं हा सिनेमा केला. म्हणजे त्या सावल्यांचं नातं हॉलिवूडशी नाही, थेट जर्मनीशी आहे.

आणि ‘महल’मधल्या आवाजाचंही बघा. त्यातल्या ‘आएगा आनेवाला’ या गाण्याच्या सुरुवातीला लताबाई माइकपासून लांब उभ्या राहून गात गात जवळ आल्या होत्या. हेडफोन लावून ऐका, पावलागणिक अंगावर काटा येतो.