सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगची गॅप किती ठेवावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे चार सिलिंडरची जुनी पेट्रोल हॅचबॅक असून दोन वर्षांपूर्वी तिला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले आहे. पेट्रोलवर गाडी उत्तम चालते. परंतु सीएनजीवर साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती मिसिंग मारते आणि धक्के खाते. सपाट रस्त्यावर काहीही जाणवत नाही. प्लग सुमारे २५,००० किलोमीटर चालले आहेत. गाडीच्या पुस्तिकेत गॅप (प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधले, म्हणजे धातूच्या टोकांमधले अंतर) १.० ते १.१ मिमी दिली आहे, माझे मेकॅनिक ०.७ मिमी करा म्हणतात, आणि किट बसवणाऱ्याने तर प्लग उघडूनही पाहिले नव्हते. पुस्तिकेचे ऐकावे की मेकॅनिकचे?

प्रतिसाद १

आपण सांगितलेल्या लक्षणांतच बरेचसे उत्तर दडलेले आहे. ठिणगीला गॅप ओलांडण्यासाठी किती व्होल्टेज लागेल, हे त्या गॅपवर आणि त्या क्षणी सिलिंडरमध्ये असलेल्या दाबावर अवलंबून असते. घाटात वरच्या गिअरमध्ये, इंजिनच्या कमी फेऱ्यांवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो तेव्हा सिलिंडर पुरेपूर भरतो, दाब वाढतो आणि कॉइलचा (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणाऱ्या भागाचा) खरा कस तिथेच लागतो. सपाट रस्त्यावर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारा पडदा) अर्धवट उघडा असल्याने ती सहज निभावून नेते. सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा अधिक व्होल्टेज लागते, म्हणून तीच कॉइल पेट्रोलवर पुरते आणि गॅसवर कमी पडते.

त्यात झीज धरा. साध्या निकेल प्लगची गॅप दर १,००० किलोमीटरला ढोबळमानाने ०.०१ ते ०.०२ मिमी वाढते. त्यामुळे १.१ मिमीपासून सुरू झालेले आपले प्लग आज १.३ मिमीच्या पुढे गेले असण्याची शक्यता दाट आहे, आणि पुस्तिकेतला आकडा बरोबर असूनही गाडीत तो आता उरलेला नाही.

मी नवे प्लग ०.८ मिमीवर लावले असते. यापेक्षा खाली जाण्याची घाई करू नये, कारण थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असताना मिश्रणात आधीचा जळलेला वायू बराच उरतो. अशा वेळी गॅप फार लहान असली तर ज्वालेचा पहिला ठिपका इलेक्ट्रोडच्या धातूला चिकटून थंड होतो, विझतो आणि गाडी उभी असताना थरथरू लागते. पेट्रोलवर आपल्याला त्रास झालाच, तर तो इथे होईल.

नवे प्लग घेताना खोक्यावरचा क्रमांक नीट वाचावा. एनजीकेच्या ‘बीपीआर६ईएस-११’ या क्रमांकातील शेवटचे ११ म्हणजे १.१ मिमी गॅप. मधला ६ हा उष्णतेचा दर्जा आहे, त्याचा गॅपशी संबंध नाही. दुकानदारही या दोन आकड्यांची गल्लत करतात.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त हाताच्या कामाबद्दल थोडे लिहितो. पॉइंटच्या इग्निशनच्या (इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेच्या आधीच्या) काळात आम्ही गॅरेजमध्ये हॅक्सॉचे पाते घालून गॅप लावत असू, कारण त्याची जाडी पंचवीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे सुमारे ०.६५ मिमी असते, आणि त्या कॉइलना तेवढी पुरत असे. माझा अंदाज असा की आपल्या मेकॅनिकचा ०.७ हा आकडा त्याच सवयीतून आलेला असावा. त्यांना त्याबद्दल दोष देऊ नये, गॅसच्या गाडीत त्यांचा रोख योग्यच आहे.

जुन्या प्लगवर चपटे फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी) फसवते. टोक झिजून त्याला खळगा पडलेला असतो आणि पट्टी त्याच्या कडांवर टेकते, म्हणून तारेचे गेज वापरावे. गॅप बदलताना फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवावा, मधल्याचा आधार घेऊन कधीही उचकटू नये; तसे केल्यास आतली चिनी माती तडकते. इरिडियमच्या प्लगचे मधले टोक तर इतके बारीक असते की त्याला हात न लावता हव्या त्या गॅपचा प्लगच विकत घेणे शहाणपणाचे. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढावेत, नाहीतर आटे जातात.

आणखी एक गोष्ट. गॅप मोठी झालेली असताना बराच काळ गाडी चालवली, तर वीज सोपी वाट शोधत प्लगच्या टोपीतून (प्लगवर बसणाऱ्या वायरच्या टोकाच्या आवरणातून) बाहेर उडी मारू लागते. त्यामुळे टोप्याही तपासाव्यात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. जुने प्लग तारेच्या गेजने मोजले, तर चारही १.३५ ते १.४ मिमी भरले. तिसऱ्या सिलिंडरच्या टोपीत आतून केसासारखी काळी रेघ दिसली, म्हणून लीडचा (प्लगला वीज नेणाऱ्या तारांचा) संच बदलला आणि नवे प्लग ०.८ मिमीवर लावले. रविवारी गॅसवरच खंबाटकी चढलो, एकदाही धक्का बसला नाही. पेट्रोलवर उभी असतानाही गाडी शांत आहे. एक कुतूहल मात्र राहिले: दोन प्लगचा मधला इलेक्ट्रोड अधिक झिजला होता आणि उरलेल्या दोघांचा बाहेरचा. हा दोष आहे का?

प्रतिसाद १

दोष नाही. आपल्या गाडीत एक कॉइल दोन सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी देत असणार. त्या व्यवस्थेत एका प्लगमध्ये वीज मधल्या टोकाकडून बाहेर जाते आणि जोडीच्या प्लगमध्ये उलट दिशेने, म्हणून झीजही उलट बाजूला होते. पुढच्या खेपेला प्लग काढताना त्यांच्यावर सिलिंडरचा क्रमांक लिहून ठेवलात, तर जोड्या लगेच ओळखू येतील.