एका दिवसाच्या सत्कृत्याने काय होतं?

गोदाकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'सत्कृत्य दिन म्हणजे फोटोची हौस. ३६४ दिवस झोपा, एक दिवस झाडू मारा.' वाचून चीड आली. २००७ साली इस्राएलमध्ये शारी अ‍ॅरिसन यांनी हा दिवस सुरू केला, आज तो कितीतरी देशांत पाळतात. माणसाला घराबाहेर पडायला निमित्त लागतं हो! कॉलेजात एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, मी केवळ २४० तास भरायचे म्हणून गेलो. सात दिवसांच्या शिबिरात शोषखड्डे खणताना तळहाताला फोड आले. तेव्हापासून दर रविवारी वस्तीत मुलांना शिकवतोय.

मीठभाकर: ते मीच लिहिलं, मागे घेणार नाही. गाडगेबाबा गावात शिरले की झाडू हातात घ्यायचे, दिनविशेष बघून नाही. वडील वॉर्डात होते तेव्हा एका सकाळी तीन मंडळं केळी वाटून गेली. वडिलांना डायबिटीस. केळी उशाशी काळी पडली. संध्याकाळी एक्स-रेला न्यायचं तर स्ट्रेचर ढकलायला मी आणि शेजारच्या पेशंटचा मुलगा, बस.

रानवारा: रक्तदानाचंही तेच. माझ्या मुलाला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. जयंतीला शिबिरंच शिबिरं, पण पिशवी टिकते ३५ दिवस, प्लेटलेट्स तर पाचच. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि मी फोन लावत बसते.

गोदाकाठ: मग काय, शिबिरं बंद करायची?

रानवारा: असं कुठे म्हटलं? नीट वाचा. तारखा वाटून घ्या म्हणतेय. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बाईला चार. तेव्हा आठवणीने फोन करणारं कुणी मंडळात असतं का?

पिंपळपार: पण शिबिरात बायका दिसतात कुठे?

रानवारा: हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असलं की परत पाठवतात. मला दोनदा पाठवलंय. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारू नका!

पिंपळपार: चुकलं. आमच्या घरीही आई शेवटीच जेवते.

मीठभाकर: गोदाकाठ, तुमचे रविवार चालू आहेत म्हणून तुमच्यापुरतं मान्य. केळीवाल्यांना माफी नाही.

गोदाकाठ: तुमच्यापुरतं तर तुमच्यापुरतं. रानवाराताई, मुलाचा रक्तगट कोणता? आमच्या गटातल्या सगळ्यांना विचारतो.

रानवारा: बी निगेटिव्ह. मेमध्ये लागेल, जूनमध्येही. सगळे एकाच दिवशी येऊ नका.