लोणेऱ्याला जाणाऱ्या मुलीसाठी लॅपटॉप कुठल्या कंपनीचा घ्यावा?

(रत्नागिरीतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं. नावाआधी घराचा नंबर आहे.)

बी-२०३ वहिनी: नमस्कार मंडळी. आमच्या मुलीला लोणेऱ्याच्या आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. हॉस्टेलवर राहील, गणपती झाले की जायचंय. लॅपटॉप घ्यायचा आहे, ५५ हजारांच्या वर जाता येणार नाही. चार वर्षं टिकला पाहिजे, मध्येच दुसरा घेणं आम्हाला जमायचं नाही. भरवशाची कंपनी कुठली, अनुभवावरून सांगा.

ए-१०१: अभिनंदन!! 🌸

सी-३०४ आजी: नाव काढलंन हो पोरीने. जायच्या आधी घरी पाठव तिला.

ए-१०४ काका: डेल. डोळे मिटून घ्या. माझा २०१६ पासून चालू आहे, एकदा बॅटरी बदलली तेवढीच.

सी-१०२ ताई: एचपी. आमच्या ऑफिसात सगळीकडे एचपीच आहेत.

बी-४०१: लेनोवोचा कीबोर्ड सगळ्यांत चांगला. कोडिंग करायचंय तर तेच बघा.

ए-१०४ काका: ती चिनी कंपनी ना?

बी-४०१: थिंकपॅड मूळचा आयबीएमचा, काका. १९९२ मध्ये निघाला. २००५ ला आयबीएमने पीसीचा धंदाच लेनोवोला विकला, त्यात थिंकपॅडही गेला. आणि आता कुठलीही कंपनी घ्या, बराचसा माल चीनमध्येच बनतो.

सी-२०१: माझ्या भाचीकडे मॅकबुक एअर आहे. तीन वर्षांत काही म्हणजे काही झालेलं नाही.

बी-२०३ वहिनी: चार माणसांनी चार नावं सांगितली 🙏 आता काय करू? ए-४०३ भाऊ, तुम्ही बोला ना. तुमचा तर लॅपटॉप दुरुस्तीचा व्यवसायच आहे.

ए-४०३: वहिनी, आत्ता दुकान बंद करून आलो. जेवतो आणि लिहितो. काका, तोवर तुमचा डेल उलटा करा आणि खाली मॉडेलचं नाव काय आहे ते इथे टाका.

ए-१०४ काका: चष्मा लावून वाचलं. लॅटिट्यूड ई ५४७०.

ए-४०३: वाटलंच मला. काका, तुमचं म्हणणं खरं आहे, पण तुमचा लॅपटॉप टिकला तो लॅटिट्यूड होता म्हणून. तो डेलने ऑफिसांसाठी बनवला होता. ताई, तुमच्या ऑफिसातले एचपीसुद्धा बहुतेक प्रोबुक नाहीतर एलिटबुक असणार, उद्या झाकणावर बघा. प्रत्येक कंपनी दोन तऱ्हेचा माल काढते, एक घरगुती गिऱ्हाइकासाठी आणि एक ऑफिसांसाठी. लेनोवोचा आयडियापॅड घरगुती, थिंकपॅड ऑफिसचा. एसुसचा व्हिवोबुक घरगुती, एक्स्पर्टबुक ऑफिसचा. एसरचा ॲस्पायर घरगुती, ट्रॅव्हलमेट ऑफिसचा. डेलने २०२५ च्या जानेवारीत जुनी नावं बंद करायचं जाहीर केलं, घरगुतीला नुसतं डेल आणि ऑफिसच्याला डेल प्रो. त्यामुळे 'डेल घ्या' किंवा 'एचपी घ्या' एवढ्यावरून काहीच कळत नाही. दुकानात पहिल्यांदा हेच विचारा, की ही कुठली सिरीज.

फरक कुठे पडतो ते सांगतो. गेल्या महिन्यात कॉलेजातला एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. कंपनीचं नाव घेत नाही. दोन वर्षांचा होता, झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यात कट् असा आवाज. खालचं कव्हर काढून बघितलं. हिंजची, म्हणजे झाकणाच्या बिजागरीची, पोलादी पट्टी तीन स्क्रूंनी बसवलेली असते. ते स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढ्या पितळी नटांत जातात, आणि ते नट प्लॅस्टिकच्या खुंट्यांत दाबून बसवलेले असतात. तिन्ही खुंट्या मुळातून तुटल्या होत्या, नट स्क्रूलाच लोंबत होते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने हिंज गंजून कडक झालेली, आणि तो स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडायचा. सगळा ताण त्या तीन खुंट्यांवर. मदरबोर्ड, डिस्प्ले, बॅटरी सगळं ठणठणीत, तरी मशीन बंद. कंपनीच्या सेंटरने 'फिजिकल डॅमेज' म्हणून वॉरंटी नाकारली. त्याच्या आईने गणपतीसाठी बाजूला काढलेले पैसे तिथे गेले. मला फार वाईट वाटलं. विकत घेताना दोन मिनिटं बघितलं असतं तर टळलं असतं.

ऑफिसच्या सिरीजमध्ये ही हिंज बहुतेक वेळा धातूच्या पत्र्याला नाहीतर फ्रेमला बसवलेली असते. दुकानात लॅपटॉप हातात घ्या, झाकण मधोमध धरून दहा वेळा उघडा-मिटा, कीबोर्डच्या मध्यभागी अंगठ्याने दाबून बघा. खचतो का, करकरतो का, हाताला लगेच कळतं.

बी-२०३ वहिनी: बाई गं, हे तर कुणी सांगितलंच नव्हतं. पण ऑफिसचे लॅपटॉप ५५ हजारांत बसतात का?

ए-४०३: एलिटबुक किंवा थिंकपॅडची टी सिरीज नवीन नाही बसणार. पण लेनोवोचा थिंकबुक, एसुसचा एक्स्पर्टबुक, एसरचा ट्रॅव्हलमेट यांतले साधे मॉडेल बघायला हरकत नाही. नाहीच बसलं तर घरगुती सिरीजमधला चांगला मजबूत बघून घ्यायचा. तेही वाईट नसतात, पारखून घ्यावे लागतात इतकंच.

आता दुसरी गोष्ट, माझ्या मते पहिलीपेक्षाही मोठी. बिघडला तर माणूस घरी येणार, की आपण घेऊन जायचा? ऑनसाइट वॉरंटी असेल तर इंजिनीअर पार्ट घेऊन येतो. कॅरी-इन असेल तर सर्व्हिस सेंटर गाठायचं, आणि जवळ नसेल तर आपल्याला कोल्हापूर नाहीतर मुंबई. २०२१ च्या जुलैमध्ये आंबा घाट खचला तेव्हा इथली किती मशीनं कोल्हापुरात अडकून पडली होती, मला माहीत आहे. मुलगी हॉस्टेलवर, सबमिशन तोंडावर आणि लॅपटॉप तिसऱ्याच गावात, ही वेळ तिच्यावर यायला नको.

म्हणून दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. प्रत्येक कंपनीचा टोल-फ्री नंबर असतो. फोन लावून मॉडेल सांगा आणि दोन पिनकोड द्या, आपला ४१५६१२ आणि लोणेऱ्याचा ४०२१०३. दोन्हीकडे ऑनसाइट मिळेल का हे स्पष्ट विचारा. जी कंपनी दोन्हीकडे हो म्हणेल ती तुमच्यासाठी भरवशाची. पुण्यातल्या माणसासाठी उत्तर वेगळं असेल, तिथल्या लोकांचे व्हिडिओ बघून आपण ठरवायचं नाही.

ए-१०४ काका: हे पटलं. मी सकाळी पेन्शनीच्या कामाला बँकेत जातोय, येताना दोन-तीन कंपन्यांना फोन लावतो. वहिनी, तुम्ही कामावर असता, हे माझ्याकडे द्या.

बी-२०३ वहिनी: काका, खूप उपकार होतील 🙏

सी-२०१: मॅकबुकचं काय मग? पोरीला आयुष्यभर पुरेल.

ए-४०३: मशीन उत्तम, त्यात शंका नाही. २०२० मध्ये एम१ चिप आल्यापासून एअरमध्ये पंखाच नाही, म्हणजे दमट हवा आणि धूळ आत ओढली जात नाही. आपल्या हवेत तो मोठा फायदा. पण बजेटच्या बाहेर जातो, रॅम नंतर वाढवता येत नाही आणि एकदा पाणी सांडलं की खर्च पेलवत नाही. काही सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात तेही आहे. ५५ हजारांत नको.

बी-१०३: मुंबईत माझ्या ओळखीच्याकडे सेकंडहँड थिंकपॅड आहेत, १८ हजारांत. आय५, एसएसडी, सगळं. पैसे वाचतील.

ए-४०३: प्रोसेसर कितव्या जनरेशनचे, म्हणजे कितव्या पिढीचे?

बी-१०३: सहावी-सातवी म्हणाला.

ए-४०३: मग नको, भाऊ. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते. सहावी-सातवीवर लोक विंडोज ११ ओढूनताणून बसवून देतात, पण मायक्रोसॉफ्ट ते मान्य करत नाही, आणि पुढे एखादं अपडेट अडलं तर पोरगी परीक्षेच्या दिवसांत अडकेल. आठवीच्या पुढचा, बॅटरी तपासलेला, बिलासकट मिळाला तर सेकंडहँड थिंकपॅड मी आनंदाने घ्यायला सांगेन.

ए-१०४ काका: म्हणजे माझा ई ५४७०??

ए-४०३: तो सहाव्या जनरेशनचा, काका. बंद नाही पडणार, पण ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेची अपडेटं आपोआप येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. रविवारी येतो, ती चालू करून देतो. बँकेचं काम त्यावर करता ना, तेव्हा ते करायलाच हवं.

बी-२०३ (मुलगी): काका, मी आईच्या फोनवरून लिहितेय. मी मारुती मंदिरजवळच्या दुकानात दोन बघितले. दोन्हीत एएमडीचा रायझन ५ प्रोसेसर, दोन्ही ७००० सिरीज. एक ७५२०यू, दुसरा ७५३०यू. दुसरा सहा हजारांनी महाग. दुकानदार म्हणाला, एका आकड्याचा फरक आहे, पहिला घ्या.

ए-४०३: बाळा, बरं झालं विचारलंस. एएमडीच्या या नंबरात पहिला आकडा वर्षाचा, आणि तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२० मध्ये तिसरा २ आहे, म्हणजे झेन २, जुनी रचना. ७५३० मध्ये ३, म्हणजे झेन ३. त्यातून ७५२० ला चार कोअर, ७५३० ला सहा. दोन्हीवर रायझन ५ चंच स्टिकर असतं. शिवाय ७५२० मध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ८ जीबी घेतलीस तर चार वर्षं ८ वरच राहायचं. तुला पुढे अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीन हे सगळं लागेल. १६ जीबी हवी, निदान एक रिकामा स्लॉट तरी. सहा हजार इथे घाल. इंटेल घेतलास तर आय५ १२३५यू किंवा १३३५यू बघ. नुसतं एन१०० वगैरे लिहिलेला स्वस्तातला प्रोसेसर घेऊ नकोस.

बी-२०३ (मुलगी): आणि गेमिंग लॅपटॉप? मैत्रिणीचा भाऊ म्हणतो कोडिंगला तोच लागतो.

ए-४०३: नाही लागत. दोन-सव्वादोन किलोचा लॅपटॉप, वर विटेएवढा ॲडॉप्टर, आणि बॅटरी दोन लेक्चरंही पुरत नाही. एसटीने रत्नागिरी-लोणेरे करताना खांदा दुखेल. त्यापेक्षा दीड-पावणेदोन किलोतला घे.

सी-३०४ आजी: पावसात जपेल ना तो? आमच्या मिक्सरचीसुद्धा पिन हिरवी होते.

ए-४०३: आजी, हेच लिहायचं राहिलं होतं. जो लॅपटॉप पावसाळ्यात कपाटात पडून राहतो तो आधी मरतो. रोज तास-दोन तास चालू ठेवला की आतल्या उबेने कोरडा राहतो. बॅग ओली झाली तर घरी आल्याआल्या लॅपटॉप बाहेर काढायचा, रेक्झिनच्या ओल्या बॅगेत रात्रभर ठेवायचा नाही. बॅगेत सिलिका जेलची पुडी टाकायची. विजा सुरू झाल्या की चार्जरची पिन सॉकेटातून ओढून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात माझ्याकडे जळलेल्या ॲडॉप्टरांची रांग लागते.

आणि बाळा, चार्जिंगला लावल्यावर धातूच्या बॉडीला हात लावून झिणझिण्या येत असतील तर त्या सॉकेटला बहुधा अर्थिंग नाही. हॉस्टेलच्या खोलीत गेल्यागेल्या हे बघ आणि वॉर्डनला सांग.

ए-१०४ काका: रिपोर्ट. तीन कंपन्यांना फोन झाले. एक म्हणाली दोन्ही पिनकोडवर ऑनसाइट. दुसरी रत्नागिरीला हो, लोणेऱ्याला कुरिअरने पाठवावा लागेल. तिसरीने चाळीस मिनिटं होल्डवर ठेवून फोन कट केला. नावं वहिनींना वेगळी पाठवली आहेत.

ए-४०३: काका, हे काम तुम्ही लाख मोलाचं केलंत. वहिनी, आता पहिल्या कंपनीतच शोधा. पैसे उरले तर एक्स्टेंडेड वॉरंटी आणि ॲक्सिडेंटल डॅमेज कव्हर घ्या. हॉस्टेलवर चहा सांडतोच. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवर टाका, वॉरंटी कुठल्या तारखेपासून सुरू दाखवतेय ते बघा. डिस्प्लेला ठेवलेला पीस असेल तर तिथे कळतं.

बी-२०३ वहिनी: दुकानातच आहोत. त्याच कंपनीचा, ऑफिसच्या सिरीजचा एक आहे. आय५ १३३५यू, १६ जीबी, ५१२ एसएसडी. जीएसटीसकट ५३,८००. ऑनसाइट लिहिलंय. फोटो पाठवते.

ए-४०३: फोटो बघितला. रॅमचे दोन स्लॉट आहेत, उत्तम. बाळ, झाकण मधोमध धरून उघडून बघ.

बी-२०३ (मुलगी): दहा वेळा उघडलं काका. आवाज नाही. अंगठ्याने दाबलं, कीबोर्ड खचत नाही. सिरीयल नंबर टाकला, वॉरंटी अजून सुरूच झालेली नाही असं दाखवतंय.

ए-४०३: म्हणजे पीस ताजा आहे. घे. बॉक्स आणि बिल फेकू नका, वहिनी, बिलाचा फोटो मलाही पाठवून ठेवा.

सी-३०४ आजी: घेतलात की आधी इकडे आणा. देवापुढे ठेवू, मग उघडा.